उथळ पाणी आणि ठेंगणा पूल: शिडाची बोट घेताना

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडचं चौघांचं कुटुंब, मुलं नऊ आणि बारा वर्षांची. शनिवार-रविवारी पानशेत-खडकवासल्याच्या बाजूला आणि दिवाळीत, मे महिन्यात दापोलीकडे गावच्या खाडीत शिडाची बोट चालवायची आहे. खाडी ओहोटीला जेमतेम गुडघाभर, आणि घरापासून समुद्राकडे जाताना मधे एक ठेंगणा पूल. मुंबईत कुणीतरी सहा मीटरची, तळाला पक्की कील (पाण्यात खाली उतरलेला जड, न हलणारा पंख) असलेली जुनी बोट स्वस्तात देतंय. ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्यात जेवढी खोल बुडते ते माप, १.१ मीटर, डोलकाठीचं टोक पाण्यापासून ९ मीटरवर. ती घ्यावी का, आणि ती नाही तर कोणती?

ती नका घेऊ. बोट वाईट आहे म्हणून नव्हे. खोल बंदरात कायमची नांगरून ठेवायला ती चांगलीच असेल. पण तुमच्या खाडीत ती एक तर गाळात बसेल, नाही तर पुलाला अडेल, आणि ताम्हिणी चढवून पानशेतला न्यायचं नावच काढू नका.

उथळ पाण्याची बोट म्हटलं की सगळे आधी ड्राफ्ट विचारतात. हा प्रश्नाचा सोपा भाग. बोर्ड (बोट आडवी घसरू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायची फळी) वर घेतला की वीस सेंटिमीटर पाण्यात तरंगणाऱ्या बोटी पन्नास प्रकारच्या मिळतील. अवघड भाग पुलाचा आहे, आणि तो बोटीच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेला नसतो: बोट पाण्यावर असताना, वाऱ्यात, डोलकाठी किती मिनिटांत खाली येते आणि ती आणायला किती माणसं लागतात? तुमच्या घरात दोन मोठी माणसं आहेत. त्यातलं एक सुकाणूवर आणि मुलांवर लक्ष ठेवून असणार. म्हणजे काठी एकाच माणसाला उतरवता आली पाहिजे. मी बोट निवडताना इथूनच सुरुवात करते, ड्राफ्ट नंतर बघते.

आता खाडीचं गणित. पूल आणि गाळ एकमेकांच्या विरुद्ध बाजूने खेळतात. भरतीला खाली भरपूर पाणी, पण पूल डोक्यावर येतो. ओहोटीला पूल उंच होतो, पण पाणीच उरत नाही. तुमच्या पुलाचे खरे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून समजा म्हणून धरू: उधाणाच्या पूर्ण भरतीला पुलाच्या तुळईखाली ४.५ मीटर मोकळी जागा आणि पाण्याचा चढउतार ३ मीटरचा. म्हणजे पूर्ण ओहोटीला ७.५ मीटर. ती ९ मीटर काठीची बोट काठी उभी ठेवून कधीच जाणार नाही, अमावस्येला नाही आणि अष्टमीलाही नाही. साधारण चौदा फुटी डिंगीची (छोट्या उघड्या बोटीची) एकसंध काठी सहा-सात मीटरची असते. ती काठावर-काठावर ओहोटीच्या सुमाराला जाईल, म्हणजे नेमकी पाणी नसताना. आणि जिची काठी शीड उतरवल्यावर पाण्यापासून चार मीटरच्या आत राहते, ती बोट कुठल्याही वेळी जाईल. तिसऱ्या प्रकारची बोट असेल तर भरतीची वेळ फक्त खोलीसाठी बघावी लागते, पुलासाठी वेगळं गणित मांडावं लागत नाही.

हे आकडे गावात विचारून घेऊ नका, मोजा. गावात कुणीही सांगेल, ‘ट्रक जाईल खालून एवढी जागा आहे.’ पुलाच्या मधल्या गाळ्यावर उभं राहून दोरीला वजन बांधून पाण्याला टेकेपर्यंत सोडा, कठड्यापाशी गाठ मारा. मग कठड्याच्या माथ्यापासून तुळईच्या तळापर्यंतचं अंतर बाजूच्या उतारावर जाऊन वेगळं मोजा आणि वजा करा. पूल कमानीचा असेल तर कमानीच्या मध्याचं माप आणि त्यापासून मीटरभर डाव्या-उजव्या बाजूचं मापही घ्या, कारण प्रवाहात बोट नेमकी मधोमध राहीलच असं नाही. मोजल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ते जुळवता येतं. तक्त्यातले आकडे मोठ्या बंदरांचे असतात. खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा चढतं, त्यामुळे खांबावर एकदा ऑइल पेंटने खूण करून दोन-चार दिवस बघणं सगळ्यात भरवशाचं.

कोळ्यांचा हिशोब तर तोंडी आहेच: तिथीला पाऊणने गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती. हा मुंबईच्या किनाऱ्याचा ठोकताळा आहे. दक्षिणेकडे जाल तसा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पाणी सगळे सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, हेही धरा. पहिल्या तासात एकूण चढउताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे दोन आणि एक. २.४ मीटरचा चढउतार असेल तर मधल्या दोन तासांत प्रत्येकी ६० सेंटिमीटर. पुलाच्या खांबांमधून पाणी सगळ्यात जोरात धावतं ते याच दोन तासांत. त्या वेळेत शिडावर पुलाखालून जायचं नाही. उधाणापेक्षा भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, चढउतार कमी असलेल्या) दिवसांत प्रवाह मवाळ असतो. मुलांना घेऊन पहिल्यांदा जाल ते भांगातच जा.

आता पाण्याखालची बाजू. पक्की खोल कील तुमच्यासाठी बाद. दोन छोट्या किली बाजूबाजूला असलेल्या बोटी असतात. त्या ओहोटीला चिखलात दोन पायांवर सरळ उभ्या राहतात, इंग्लंडच्या भरती-ओहोटीच्या खाड्यांत खूप दिसतात. पण त्या जड असतात, आणि तुम्हाला बोट घाटावरून न्यायची आहे. डच लोकांनी बोटीच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारख्या फळ्या लटकवल्या. बोटीच्या पोटात बोर्डासाठी पेटी नाही, गाळ अडकायची भानगड नाही. कल्पना उत्तम, पण आपल्याकडे तयार मिळत नाही, स्वतः बांधणार असाल तरच.

राहिले दोन: खंजिरासारखा सरळ वर-खाली होणारा डॅगरबोर्ड आणि खिळीवर फिरून मागे वर जाणारा सेंटरबोर्ड. तुम्ही सेंटरबोर्डच घ्या. डॅगरबोर्ड तळाला आपटला की बोट जागच्या जागी थांबते आणि पुढे बसलेलं पोर काठीवर आदळतं. कधी पेटीच फुटते. सेंटरबोर्ड आपटला की स्वतःच मागे वळून वर जातो, आणि दांड्याला धक्का जाणवला की आपल्याला कळतं, इथे पाणी संपलं. अनोळखी बॅकवॉटरमध्ये मी बोर्ड थोडा वर घेऊन त्याचा खोली मोजायची काठी म्हणूनच वापर करते.

याची एक कटकट मात्र आहे आणि ती विकणारा सांगणार नाही. बोट पुळणीवर ओढली की वाळू आणि बारीक गोटे बोर्डाच्या खाचेत शिरतात. परत पाण्यात ढकलल्यावर बोर्ड खाली यायचं नाव घेत नाही. खाचेला खालून रबराच्या किंवा जाड कॅनव्हासच्या दोन पट्ट्या लावलेल्या असाव्यात, आणि पेटीच्या माथ्यावर फट असावी, म्हणजे एखादी लाकडी पट्टी आत घालून बोर्ड खाली रेटता येतो. वरून पूर्ण बंद पेटीची बोट दाखवली तर बोर्ड अडकल्यावर काय करायचं ते तिथेच विचारा.

बोर्ड वर घेतलेली बोट वाऱ्याच्या विरुद्ध जात नाही, आडवी घसरते. म्हणजे २० सेंटिमीटर ड्राफ्ट हा बोट ओढायचा, वल्हवायचा किंवा वारा पाठीवर असतानाचा आकडा. शिडावर वाऱ्याच्या दिशेने वर चढत जायचं तर बोर्ड निदान अर्धा खाली हवा, म्हणजे पाणी पाऊण मीटर तरी हवं. चौदा-सोळा फुटी डिंगीला बोर्ड पूर्ण खाली केल्यावर सव्वा मीटरच्या आसपास पाणी लागतं. हे डोक्यात ठेवलं की खाडीचा कुठला पट्टा कुठल्या वेळी चालवायचा ते आपोआप ठरतं.

सुकाणूचं पातंही वर होणारं हवं. इथे बरेच लोक फसतात: बोर्ड वर होतो, सुकाणू मात्र पक्कं, आणि तेच तळाला लागून उखडतं. पातं अर्धं वर असताना दांडा हाताला एकदम जड लागतो, कारण पातं मागे लांब जातं आणि पाण्याचा सगळा रेटा हातावर येतो. मुलाच्या हातात दांडा असेल तर त्याला ते आधी सांगून ठेवा, नाही तर तो घाबरून सोडतो. शिवाय पातं वर धरून ठेवणारी दोरी जोराचा धक्का बसल्यावर आपोआप सुटणाऱ्या खाचेत अडकवलेली असावी, गाठ मारलेली नको.

दोन तळांच्या कॅटॅमरानबद्दल कुणीतरी सुचवेलच. होबी १६ ही त्यातली जगभर पसरलेली बोट, तिला बोर्डच नाहीत, तिचे दोन तळच असे घडवलेले आहेत की आडवी घसरत नाही, आणि ती सरळ वाळूवर चढते. उथळ पाण्याला झकास. पण रुंदी जवळजवळ २.४ मीटर आणि काठी आठ मीटरची. पुलाखालून नाही आणि घाटातूनही नाही. तुमचं गाव पुलाच्या समुद्राकडच्या बाजूला असतं तर वेगळं बोलले असते. लेसर (आता आयएलसीए) हलकी, काठी दोन तुकड्यांची, पण ती एकट्याने मजा करायची बोट आहे. ऑप्टिमिस्ट मुलांसाठी फार चांगली, फक्त २.३ मीटरची. धाकटीला शिकवायला पुढे कधीतरी बघा, कुटुंबाची बोट म्हणून नाही.

आता काठी आणि शीड, म्हणजे मुख्य विषय.

आजच्या बहुतेक डिंग्यांची काठी तीन तारांवर उभी असते: दोन बाजूंना, एक पुढे. पुढची तार सैल केली की काठी मागे झोपवता येते, असं विकणारा सांगतो आणि अंगणात करून दाखवतो. अंगणात ती झोपतेही. पाण्यावर काय होतं ते बघा. बाजूच्या तारांच्या कड्या काठीच्या बुडापेक्षा थोड्या मागे असतात. काठी मागे झुकायला लागली की या तारा सैल पडतात आणि काठीला डाव्या-उजव्या बाजूने कुणी धरून ठेवत नाही. तेवढ्यात मच्छीमार बोटीची लाट आली की सहा मीटरची काठी बाजूला कलंडते आणि बिजागरीच मुरगळते. यावर उपाय आहेत: तारांच्या कड्या बिजागरीच्या खिळीच्या रेषेत घेणं, किंवा इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा दुपायी आधार लावून काठी त्याच्या पुलीवरून हळूहळू सोडणं. बिजागरीच्या त्या खोबणीला टॅबर्नॅकल म्हणतात. वेफेअरर नावाची ४.८२ मीटरची डिंगी आहे, १९५७ सालच्या आराखड्याची, तिला ही सोय करून घेता येते. दूरच्या सफरी करणाऱ्यांची ती लाडकी. १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलंडपर्यंत दोघेजण तसल्या उघड्या बोटीतून गेले होते. बोट म्हणून मला ती फार आवडते. पण तिचा नुसता सांगाडा १६९ किलोंचा आहे, आणि घाटावरून उतरल्यावर तुमच्या खाडीच्या धक्क्यावर ती उचलायला चार गडी हवेत.

म्हणून तुमच्यासाठी मी गंटर किंवा लग पद्धतीचं शीड सुचवेन. गंटरमध्ये उभी काठी आखूड असते आणि तिच्या वरच्या निम्म्यात दुसरी काठी दोरीने वर चढवतात. शीड उतरवलं की ती दुसरी काठी शिडासकट खाली येते आणि उभी राहते ती फक्त आखूड काठी. मिरर नावाची ३.३ मीटरची डिंगी १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये घरोघरी बांधली गेली ती याच शिडावर. तिच्या सगळ्या काठ्या बोटीच्या लांबीत मावतात. (मिररला डॅगरबोर्ड आहे आणि चौघांना ती लहान पडते, म्हणून जशीच्या तशी घ्या म्हणत नाही.) लग शीड त्याहून सोपं: आखूड काठी, एकही तार नाही, वर एक तिरकी आडकाठी, एकच दोरी. दोरी सोडली की आडकाठी शिडासकट बोटीत येते, आणि अगदीच ठेंगणा पूल असेल तर काठीही बाकाच्या भोकातून उपसून आडवी ठेवायची. बारा वर्षांचं पोर दोन मिनिटांत करतं.

आपल्या किनाऱ्यालाही हे नवीन नाही. कोकणातल्या जुन्या शिडाच्या होड्यांची काठी आखूड आणि पुढे कललेली, तिच्यावर लांबलचक तिरकी आडकाठी. आडकाठी उतरवली की मागे खुंट उरतो. मराठ्यांची गलबतं कमी पाण्यात चालायची, आणि म्हणूनच खोल तळाच्या युरोपीय जहाजांना मागे टाकून खाडीत आत शिरायची, हे विजयदुर्गच्या वाघोटन खाडीचा इतिहास वाचलेल्यांना माहीत आहे. मात्र ते तिरकं लांब शीड जसंच्या तसं तुम्ही घेऊ नका. बाजू बदलताना आख्खी आडकाठी काठीच्या पुढून फिरवून घ्यावी लागते आणि त्याला गडी लागतात. लग हे त्याचंच घरगुती भावंड समजा.

उथळ पाणी आणि ठेंगणे पूल या जोडीवर ज्यांनी पिढ्यान् पिढ्या डोकं चालवलं ते इंग्लंडच्या नॉरफोक ब्रॉड्समधले लोक. तिथे पॉटर हायम गावचा मध्ययुगीन दगडी पूल इतका बुटका आहे की भाड्याच्या बोटी अजून त्याखाली अडकतात. तिथली जुनी मालवाहू वेरी ही बोट बघण्यासारखी: एकच मोठं शीड, बाजूला तारा नाहीत, आणि काठीच्या बुडाशी टनावारी वजनाचं शिसं. त्या वजनामुळे एवढी अवजड काठी एका माणसाला खाली घेता-चढवता यायची. उलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आतल्या जलमार्गावर पक्के पूल साधारण ६५ फुटांचे, म्हणजे १९.८ मीटरचे. तिथे मोठ्या बोटींचे मालक बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या काठीला) पाण्याच्या पिशव्या लटकवून बोट कलती करतात आणि काठीचं टोक वाचवतात. तीस अंश कलवली तर ८ मीटरच्या काठीची उंची सातच्या आत येते. ही युक्ती जड किलीच्या बोटीची आहे. डिंगीत करायला गेलात तर पुलाखाली पोहावं लागेल.

पुण्याच्या बाजूची गोष्ट जरा वेगळी. इथे बोट म्हटलं की बहुतेकांना सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजची रेगाटा आठवते, १९२८ पासूनची, म्हणजे वल्ह्यांची बोट. शिडाचं पाणी पानशेत, वरसगाव, पवना आणि खाली उजनी. खडकवासल्यातलं शीड मुख्यतः एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) पीकॉक बेमध्ये. एनडीएच्या हद्दीतल्या किनाऱ्याला बोट टेकवायची नाही, आणि कुठल्याही धरणात स्वतःची बोट उतरवण्याआधी जलसंपदा विभागाच्या त्या धरणाच्या कार्यालयात जाऊन परवानगीचं विचारायचं. फोनवर मिळालेल्या ‘हो, चालतंय’वर अवलंबून राहू नका.

धरणात भरती-ओहोटीचं गणित वर्षभर पसरलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी काठोकाठ, बॅकवॉटरवरचे पूल आणि रस्ते पाण्याला टेकलेले. मे महिन्यात पूल कुठल्या कुठे वर, आणि खाली बांध, झाडांचे खुंट, जुन्या भिंती वर आलेल्या. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर पडतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आजूबाजूला पाण्याखाली अर्ध्या मीटरवर काय काय आहे ते मात्र कुणाला दिसत नाही. तिथे सेंटरबोर्ड पैसे वसूल करतो. जलपर्णी हा दुसरा ताप. बोर्ड आणि सुकाणूवर तिची जुडी अडकली की बोट चालता चालता मंदावते. बोर्ड क्षणभर वर घ्या, जुडी सुटते. पक्क्या किलीवर अडकली तर उलटं वल्हवत बसा. मच्छीमारांच्या जाळ्यांना प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधलेल्या असतात. दोन बाटल्यांच्या मधून जाऊ नका, वळसा घाला.

विजेच्या तारांबद्दल जरा ठासून सांगते, कारण पूल आपटला तर काठी मोडते, तार लागली तर माणूस जातं. बॅकवॉटर ओलांडून जाणाऱ्या अकरा आणि तेहतीस केव्हीच्या लाइनी पूर्ण धरणाच्या वेळी भीती वाटावी इतक्या खाली असतात, आणि उन्हाळ्यात मधे लोंबतातही. तार प्रत्यक्ष टेकायचीही गरज नसते, जवळ गेल्यावर ठिणगी उडी मारते. अॅल्युमिनियमची काठी आणि ओल्या पोलादी तारा म्हणजे वीज थेट बोटीत. अमेरिकेत असे अपघात झाल्यावर होबी १६च्या काठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा करावा लागला होता. लग शिडाची आखूड लाकडी काठी इथेही जिंकते. तरीही लाइनीखालून जायचं ते शीड उतरवूनच, आणि काठावर बोट जुळवताना काठी उभी करण्याआधी मान वर करून बघायचंच.

आता तुमच्यासाठी नेमकं काय. चार ते सव्वाचार मीटरचा उघडा सांगाडा, बुडाला सपाटसर, सेंटरबोर्ड, वर होणारं सुकाणू, दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे, आणि शक्यतो १३० किलोंच्या आसपास किंवा त्याहून हलका. जीपी १४ ही १९४९ची इंग्लिश डिंगी, ४.२७ मीटर, सेंटरबोर्डची, सांगाडा १३३ किलो, कुटुंबासाठीच काढलेली. एंटरप्राइज, १९५६ची, ४.०४ मीटर आणि त्याहून बरीच हलकी. आपल्याकडे सैन्याच्या आणि क्लबांच्या वर्तुळात ती भरपूर चालली आहे, त्यामुळे जुनी मिळायची शक्यता जास्त. चौघांना ती जरा तंग, पण मुलं लहान आहेत तोवर चालेल. दोन्हींचं मूळ शीड उंच काठीचं आहे. सांगाडा घ्या, काठी-शीड गंटर किंवा लगचं करून घ्या. काठीची जागा बदलली की बोट वाऱ्याकडे किंवा वाऱ्यापासून ओढायला लागते, म्हणून शिडाच्या क्षेत्राचा मध्य जुन्या जागीच राहील असं ते बसवायचं. हे काम अंदाजाने करू नका, जाणकाराला दाखवा.

दुसरा रस्ता स्वतः बांधायचा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय मिळतो. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर इपॉक्सी आणि फायबरची पट्टी. ही शिवण-डिंकाची रीत मिररनेच लोकप्रिय केली. शिक्का बघा आणि एक तुकडा घरी आणून उकळत्या पाण्यात टाका. थर सुटले तर त्या दुकानात परत जायचं नाही. भोसरीत फायबरचं काम करणाऱ्या वर्कशॉपना साचा दिला तर ते फायबरचाही सांगाडा काढून देतात, पण सुतारकामाची आवड असेल तर प्लायच बरा. दुरुस्ती घरी करता येते, आणि मुलांना पावसाळाभर उद्योग.

काठ्या बोटीत मावतात याचा फायदा घाटातही होतो. चार मीटरची बोट पिकअपच्या हौद्यात उलटी ठेवून मागे लाल फडकं बांधून जाते. सहा-सात मीटरची काठी टपावर घेऊन ताम्हिणीच्या वळणांवर समोरून एसटी आली की कळतं कशासाठी म्हणत होते.

पुलाखालून जाताना: बरंच आधी शीड उतरवा, शंभर मीटर तरी. पुलाजवळ वारा खांबांमुळे थबकतो आणि मग झपकन दुसऱ्याच बाजूने येतो, तिथे शीड सांभाळत बसायचं नाही. वल्ह्यांवर जा, आणि पहिल्या वेळी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने. विरुद्ध जाताना वल्हं थांबवलं की बोट पुलापासून दूर सरकते, प्रवाहाबरोबर जाताना तीच खांबाला आडवी बसते आणि पाणी तिला तिथेच दाबून धरतं. नांगर मागच्या बाजूला दोरीसकट मोकळा ठेवा, चुकलंच तर मागून टाकता येतो. खांबांच्या बुडाशी पाण्याने खड्डे पडलेले असतात आणि दोन खांबांच्या मधे गाळाचे उंचवटे, त्यामुळे मधोमध खोल असेल हे गृहीत धरू नका. जुन्या पुलाचे किंवा धक्क्याचे खुंट शेजारी पाण्याखाली असतात, ते कुठे आहेत हे तिथला तांडेलच सांगेल. वाळू उपसणाऱ्या बोटींचे दोर लांबवर ताणलेले असतात, तेही बघा. कालवं लागलेल्या खांबाला हात लावून बोट ढकलायची नाही, तळहात सोलून निघतो. त्यासाठी वल्हं.

इंजिनाचा मोह होईल. छोटं इलेक्ट्रिक इंजिन सोयीचं असतं हे खरं, पण इंजिन लावलं की ती यंत्रचलित नौका झाली आणि २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली तपासणी-नोंदणीचा विषय निघतो. वल्ही चांगली, लांब आणि दोन जोड घ्या. इंजिनाचं नंतर बघू. खाडीच्या मुखाच्या कामांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात एकदा जाऊन या.

उथळ पाण्यात बोट उलटली तर काठीचं टोक गाळात रुततं. अशा वेळी बोर्डावर उभं राहून जोर लावला तर काठी मोडते. पोहत नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) जा, बोटीचं तोंड वाऱ्याकडे फिरवा, टोक आपोआप निघतं. लग शिडाच्या आडकाठीच्या टोकाला शिडाच्या आतून एक छोटा फुगा बांधला तर ही वेळच येत नाही. आणि काठ जवळ दिसला तरी गाळात उतरायचं नाही. खाडीचा गाळ मांडीपर्यंत घेतो आणि मुलाला बाहेर काढताना आपण खाली जातो. बोटीतच बसा, भरतीची वाट बघा, चिवडा खा. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नाही.

एप्रिल-मेमध्ये धरणात दुपारनंतर बोट काढायचीच नाही. वळवाचा वारा आधी कल्पना देत नाही. मे २०२४ मध्ये उजनीत कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं की शीड उतरवा आणि जो काठ जवळ असेल तो गाठा, गाडी कुठे लावली आहे याचा विचार नंतर. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बोट घरात.

जुनी बोट बघायला जाल तेव्हा तिला पाण्यात उतरवायला सांगा. शीड चढवा, मग विकणाऱ्याला काठावर थांबवून तुमच्या दोघांपैकी ज्याचा हात हलका आहे त्याने एकट्याने शीड आणि काठी उतरवावी, मुलं बोटीत असताना. पाच मिनिटांत झालं तर पुढचं बोला. तोवर मुंबईच्या त्या गृहस्थांना नाही म्हणून कळवा, आणि दिवाळीत गावी गेलात की पुलाची दोन मापं, मधल्या गाळ्याची आणि बाजूची, तारीख-वेळ लिहून मला पाठवा. काठी किती लांब चालेल ते त्यावरून ठरवू.